चौघं येऊन राहिलो

माणसानं इंग्रजी सुधारायचं ठरवलं तर त्यात वाईट काय? काहीच नाही. (निदान सौंसरच्या देवीदासला चौऱ्याऐंशी साली तसं वाटलं होतं.) नागपूरला फूटपाथवर त्याला इंग्रजी क्रियापदांचं एक पुस्तक मिळालं. प्रत्येक क्रियापदाचा अर्थ आणि पुढे त्याच अर्थाच्या शब्दांची आगगाडी. देवीदास कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. त्यानं स्वतःच्या अकलेनं नियम काढला, की पहिला शब्द साध्या माणसांसाठी आणि शेवटचा साहेब लोकांसाठी. त्या दिवसापासून त्यानं जेवणं सोडलं. तो भाकर 'डिव्हाउअर' करू लागला.

"काहीबी करा, पण लवकर करा. भाजी थंडी होऊन राहिली," बायको कमल म्हणाली.

त्याच सुमारास बहिणीचं, जयश्रीचं, लग्न जमत आलं. मुलगा इटारसीला रेल्वेत. मुलगी त्यांना पसंत होती. आता हिच्या माणसांनी मुलाचं घर पाहून यायचं, की सुपारी फुटली. आधीची दोन स्थळं ऐन वेळी हातची गेली होती, त्यामुळे सगळे जीव मुठीत धरून होते.

वडील, नत्थूजी, म्हणाले, "इटारसीले तार कर. म्हणा, रविवारी आम्ही चौघं तुमच्या घरी येऊन राहिलो."

"दादा, हिंदीतच कर ना," जयश्री काकुळतीनं म्हणाली.

"रेल्वेवाले आहेत ते! हिंदी तार पाहून का म्हणतील?"

असं म्हणून देवीदासनं पुस्तक काढलं. 'येणे' म्हणजे 'कम', हे त्याला पाठच होतं. उरलं 'राहिलो'. बाबांच्या तोंडचा एक शब्द गाळायचा नाही (इतका आज्ञाधारक मुलगा पंचक्रोशीत नव्हता). राहणे : स्टे, रिमेन, लिव्ह, सेटल. नियमाप्रमाणे शेवटचा शब्द उचलला. तार गेली : 'फोर पर्सन्स कमिंग सेटलिंग युवर हाऊस संडे.'

आपल्याकडे माणूस 'येऊन राहिला' म्हणजे नुसता येतोय, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. इंग्रजीला ते कुठून कळणार?

रविवारी नत्थूजी, आई देवकाबाई, देवीदास आणि कमल पांढुर्ण्याहून गाडीत बसले. सोबत संत्र्यांची टोपली. इटारसीच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरसमोर मागून आणलेल्या चार खाटा उभ्या होत्या, आणि खाटांपुढे मुलाचे वडील, मनोहरराव.

"या. बाकीचं सामान मागून येतंय का?"

"सामान कायचं? हे टोपलीच आहे," नत्थूजी म्हणाले.

"म्हणजे अंगावरच्या कपड्यांनिशी?" मनोहररावांचा आवाज चढला. "घरजावई ऐकला होता. सून यायच्या आधी तिचे आईबाप, भाऊ, भावजय नांदायला आलेले पहिल्यांदाच पाहतोय! माफ करा, ही सोयरीक आम्हाला झेपायची नाही."

देवकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसरं स्थळही गेलं. नत्थूजी गडबडून म्हणाले, "अजी, असं का करता? आम्ही तं संध्याकाळच्या गाडीनं वापस जाऊन राहिलो!"

तोच स्वयंपाकघरातून मुलाची आई, अंबाबाई, पदर तोंडाशी धरून बाहेर आली. तिचं माहेर पांढुर्ण्याचं. हसू काही आवरेना.

"अहो, जाऊन राहिले म्हणजे जातात, अन् येऊन राहिले म्हणजे येतात! तुम्ही 'राहिलो'चं बी इंग्रजी केलं का बावा?" तिनं देवीदासला विचारलं.

देवीदासनं खाली बघत मान हलवली. त्या क्षणी जमिनीनं पोटात घेतलं असतं तर तो तिथंही सेटल झाला असता.

खाटा परत गेल्या, चहा आला, संत्री सोलली गेली. मनोहररावही हसले. मग एकदम गंभीर झाले. "सोयरीक पक्की. फक्त आमची एक मागणी आहे."

देवकाबाईंनी देवाचं नाव घेतलं.

"लग्नाची तारीख तुम्ही ठरवा, मांडव तुमच्या दारी घाला," मनोहरराव म्हणाले, आणि त्यांनी देवीदासकडे बोट दाखवलं. "पण यापुढे तार यांनी करायची नाही."

"मंजूर!" नत्थूजी ओरडले.

इतक्या तातडीनं बापाला काही मंजूर झालेलं देवीदासनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.