श्वेतद्वीपास भूक लागली त्याची हकिकत

श्री क्षीरसागरशायी प्रसन्न. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी श्वेतद्वीपी जे वर्तले ते ऐकिले तैसे लिहिले असे. श्रोते जेवून बसले असतील तर उत्तम, कारण मजकूर भुकेचा आहे.

क्षीरसागराचे उत्तरेस श्वेतद्वीप म्हणून राज्य. पुराणकर्त्यांनी लिहून ठेविले की तेथील लोक खात नाहीत, पापणी लववीत नाहीत, हात जोडून उभे असतात. आणि त्या भूमीचा गुणच ऐसा की पोथीत जे लिहिले जाईल ते तेथे घडे. तेणेकरून युगानुयुगे सर्व लोक डोळे वटारून उभे. तरी राज्य म्हटले म्हणजे मुदपाकखाना पाहिजे, म्हणून तेथे नागोपंत आचारी वंशपरंपरेने नेमिले होते. पंतांनी नित्य स्वयंपाक करावा, देवापुढे ताट ठेवावे, भोवती पाणी फिरवावे, हात जोडावे, आणि मग ताट उचलून समुद्रात सोडावे. आजे-पणजे हेच करीत गेले. कोणी बरे म्हटले नाही, कोणी नावे ठेविली नाहीत. पंत मनातून फार झुरत. स्त्रीस म्हणत, "अगं, माझ्या हाताला चव आहे की नाही, हे न कळताच मी मरायचो!"

ऐशियात मृत्युलोकी मंदाकिनीबाई खांबेटे नामे कादंबरीकर्त्या उदयास आल्या. त्यांणी जुन्या पोथीतून हे द्वीप उचलिले, त्यात उडते घोडे घातले, जादूच्या तरवारी घातल्या, आणि पहिल्याच भागात लिहिले की श्वेतद्वीपीच्या वीरांस कडकडून भूक लागली. पुस्तक छापून आले मात्र, इकडे सर्वांच्या पोटात कावळे ओरडू लागले. घोडे आले ते तबेल्यात बांधिले. भूक कोठे बांधावी ते कळेना. महाराज धवलसेन पोट धरून बसले आणि प्रधान त्रिंबकजींस म्हणाले, "हे आत काय चालले आहे?" प्रधान म्हणाले, "महाराज, यावर अन्नाचा उतारा सांगितला आहे." मग पंतांस हुकूम जाहला की मेजवानी करणे, आराम न पडल्यास आचारीपण गेले, गलबतात बसून चालते व्हावे.

पंतांनी पुरण घातले, कटाची आमटी केली. नैवेद्य आधी चाखावयाचा नसतो, म्हणून चाखिली नाही. पंगत बसली. सर्वांनी ताटाभोवती पाणी फिरविले, हात जोडिले, आणि मग पंतांनी रीतीप्रमाणे ताटे उचलून समुद्रात सोडिली. भूक जैशीतैशी. प्रधान म्हणाले, "पदार्थ कमी पडले." मग अळूवडी केली, खीर केली, आणि तीही नमस्कार करून बुडविली. क्षीरसागरीचे मासे माजले आणि माणसे आडवी पडली. महाराज क्षीण आवाजाने म्हणाले, "पंत, गलबत तयार आहे. एवढे ताट झाले की निघा."

पंतांनी अश्रू आवरून शेवटचे ताट वाढिले. महाराजांनी हात जोडिले, परंतु पंत ताट उचलू लागताच महाराजांनी काठ धरिला. "राहू द्या हो, वास तरी घेतो!" "महाराज, रीत मोडते!" ऐशी ओढाओढ होता आमटी हिंदकळली, महाराजांचा अंगठा भाजला, आणि भाजला म्हणून त्यांणी तो तोंडात घातला. महाराज बराच वेळ अंगठा चोखीत राहिले, मग दुसरे बोट बुडविले, मग म्हणाले, "पंत, मीठ कमी आहे."

जन्मात घास न घेतलेल्या पुरुषास हे कैसे उमजले, देव जाणे. प्रधान ओरडले, "यास गलबतात घाला!" परंतु पंत मटकन खाली बसून ढसढसा रडले. "माझ्या आज्याला हे कुणी म्हटलं नाही हो!" म्हणाले, आणि डोळे पुशीत मीठ आणावयास धावले.

पुढे बाईंनी दुसऱ्या भागात लिहिले की वीरांनी भूक जिंकिली. तत्क्षणी सर्वांची भूक गेली. पंतांचे तोंड उतरले, चूल विझवू लागले, तो महाराज पाटावर येऊन बसले आणि म्हणाले, "भूक अशी नाही, पण थोडी आमटी वाढा."

तात्पर्य, पोथी आपले जागी आणि पंगत आपले जागी. बखर येथेच आवरती घेतली, लिहिणाराचे पान वाढिले आहे.