डोमाजींची डावीकडे ओढणारी गाडी

डोमाजी भेंडारकर चालत्या गाडीचं स्टिअरिंग सोडून द्यायचे. दोन्ही हात हवेत. शेजारी बसलेल्या माणसाने देवाचं नाव घेतलं तरी हात खाली यायचे नाहीत. उलट त्यालाच विचारायचे, "पाहा जी, डाव्या अंगाले ओढून राहिली का नाही?"

शेजारी बसलेला माणूस बहुतेक वेळा मीच असायचो. डोमाजी, त्यांची बायको शेवंतावहिनी आणि लहानगी मंदा यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये मी एकटा राहत होतो आणि पळून जायला जागा नव्हती.

भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा अर्धा उभा होता. जिकडे पाहावं तिकडे क्रेन, खड्डे आणि लाल धूळ. मी रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसियर, आणि डोमाजी कारखान्याच्या आतल्या रेल्वेलाइनीचे फोरमन. मूळचे भंडाऱ्याकडचे. रूळ सरळ आहेत का हे पाहण्यात त्यांची उमर गेली होती, त्यामुळे जगात काही तिरपं दिसलं की त्यांना स्वस्थ बसवत नसे. माझ्याकडे चहाला आले की आधी कॅलेंडर सरळ करायचे, मग खाट भिंतीला समांतर करायचे, तोवर चहा पार गार. खिशात कायम सुतळीचा गुंडा. "सूत धरून पाहू ना," हे त्यांचं पालुपद. एका लग्नात तर त्यांनी पंगतीतल्या लोकांना उठवून पत्रावळींची ओळ सरळ करून घेतली. वाढपी कढीची बादली घेऊन ताटकळत उभे, आणि हे रांगत रांगत सुतळी ताणतायत.

अशा माणसाने नागपूरच्या एका वकिलाची जुनी काळी मोटार घेतली. आमच्या ओळीतली पहिलीच मोटार. तिची किल्ली ते करदोड्याला बांधून ठेवत. गाडी सुरू करायची म्हणजे आधी भर रस्त्यात सदरा वर करायचा. बघणाऱ्याला वाटे, यांच्या पोटात दुखतंय.

आणि एका सकाळी ही मोटार रस्त्याच्या कडेच्या दगडावर चढली.

हा दगड माझा होता. नव्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी उभे दगड बसवायचे, त्यांना आम्ही कर्ब म्हणायचो. खेड्यातून आलेल्या लोकांनी असली चीज कधी पाहिली नव्हती. काहीजण त्यावर दातण करत बसायचे. डोमाजी मात्र थेट माझ्या दारात आले.

"हा गोटा अथी कावून ठेवला जी तुमी?"

"रस्ता संपला हे कळायला."

"रस्ता संपला हे माणसाले दिसत नाही का?"

"तुम्हाला दिसलं नाही ना!" मी म्हणालो. मीही काही कमी तापट नव्हतो.

तर म्हणे म्हैस आडवी आली. दुसऱ्या दिवशी दुधवाल्याला सांगताना तिची शेजारच्या रिसाली गावची बकरी झाली, आणि आठवडा संपेपर्यंत एक सायकलवाला. मला गंमत वाटली, पण सरळ रेषेचा हा माणूस इतकं वाकडं का बोलतोय, हे काही मी विचारलं नाही.

त्या दिवसापासून डोमाजींचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. गाडी सरळ चालली की स्टिअरिंगच्या चाकातली आडवी दांडी तिरपी दिसे, आणि दांडी सरळ धरली की गाडी डावीकडे जाई. ड्यूटीवरून आले की चपलाही न काढता गाडीखाली. चाक जॅकवर उचलून हलवून पाहायचं, टायरवर खडूने रेघा ओढायच्या, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणायची. डावं टायर बाहेरच्या कडेला घासलेलं निघालं, तर मला ते हात लावून पाहायला लावलं. शेवटी पावर हाउस भागातल्या मिस्त्रीने पुढची दोन चाकं जोडणारा खालचा टायरॉड वाकलेला काढला आणि सरळ करून बसवला. सूत चाकांना दोन्हीकडून नीट चिकटलं. दांडी सरळ आली.

डोमाजींनी मला गाडीत कोंबलं, सरळ रस्त्याला लागले, हात सोडले. गाडी हळूच डावीकडे कलली. त्यांचा चेहरा असा पडला की मला हसूही येईना.

"अहो, आता गाडीचा दोष नाही," मी म्हणालो. "पावसाचं पाणी नालीत जावं म्हणून रस्त्याला मधून कडेकडे उतार असतो. मीच दिलाय."

"म्हंजे रस्ताच वाकडा!"

"वाकडा नाही, उतरता."

"तेच ते. सपाट जागा कुठी हाये, ते सांगा."

कोहक्याच्या बाजूला आमच्या खात्याने मुरूम दाबून एक मैदान सपाट केलं होतं. तिथे गेलो. डोमाजींनी हात वर केले आणि गाडी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाकासमोर गेली. मला वाटलं, आता हा माणूस नाचेल. त्यांनी गाडी थांबवली आणि डोळे पुसले.

"साहेब, आता घरी चाला आन् हे मंदाच्या मायले सांगा. माह्यं ती मानत नाही. म्हणते, तुमी माह्यं मन राखाले सांगता."

"शेवंतावहिनींना? त्यांना काय करायचंय गाडीशी?"

"गाडी तिनंच चढवली ना जी दगडावर."

मग सगळं बाहेर आलं. मी इथे राहायला येण्याच्या अगोदरची गोष्ट. डोमाजी कारखान्यात असताना मंदाचा दमा उठला. पोरीचे ओठ निळे पडले. गाडी दारात उभी, चालवणारा भट्टीकडे, किल्ली त्याच्या कमरेला. वहिनी पोरीला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत अनवाणी धावल्या. पोरगी वाचली. पण डोमाजी तेव्हापासून मनातून हादरले. लोक हसतील म्हणून लपूनछपून बायकोला गाडी शिकवू लागले, आणि तिच्या हातून गाडी दगडावर गेली. "मी तुमची गाडी मोडली," एवढं बोलून वहिनींनी स्टिअरिंगला हात लावायचं सोडलं.

"तिले म्हटलं, गाडी सरळ केल्याबिगर तुले बस म्हणणार नाही. आन् खोटं तर तिच्याशी बोलता येत नाही मले," डोमाजी म्हणाले.

म्हशी आणि बकऱ्या फक्त आमच्यासाठी होत्या. मला त्या माणसाबद्दल फार माया वाटली.

घरी आलो. वहिनी सूप घेऊन दारात बसल्या होत्या. डोमाजींनी उतरता उतरताच गाडी सरळ झाल्याचं सांगितलं. "भाऊ, तुमी सांगा, खरंच नाही ओढत?"

"गाडी नाही ओढत वहिनी. रस्ता थोडा ओढतो. तो माझा दोष."

त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसल्या. उंची कमी, म्हणून डोमाजींनी पळत जाऊन उशी आणली. मंदाला मांडीवर घेऊन ते शेजारी बसले, मी मागे. गाडी दवाखान्याच्या रस्त्याला लागली आणि कडेकडे सरकू लागली. माझा दगड जवळ येत होता. डोमाजींचे हात स्टिअरिंगकडे निघाले आणि अर्ध्यावरूनच परत आले. त्यांनी ते पोरीच्या पोटाभोवती घट्ट धरले.

"ओढते," वहिनी म्हणाल्या आणि स्टिअरिंग जरासं उजवीकडे घेतलं. गाडी रस्त्यावर आली. "ओढू द्या. सांभाळता येते."

दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आम्ही परत आलो.

दुसऱ्या दिवशी माझी साखर संपली म्हणून त्यांच्याकडे गेलो. डोमाजी सायकलवर टांग मारून ड्यूटीला निघाले होते, सदरा नीट खोचलेला. आत चुलीजवळ भिंतीत एक नवा खिळा ठोकला होता, वहिनींच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. त्याला सुतळीने बांधलेली किल्ली लटकत होती. खिळा चांगलाच तिरपा गेला होता, आणि डोमाजींनी तो तसाच राहू दिला होता.