गाडी वेळेत सुटली होती

आमचे व्याही भाऊसाहेब फुटबॉलच्या मॅचला कार्बन पेपर घेऊन जातात. टोपी विसरतील, पाण्याची बाटली विसरतील. पण चिमट्याचा पुठ्ठा, त्यात दोन कागद आणि मध्ये निळा कार्बन, यात चूक नाही. दर मे महिन्यात तीन महिन्यांसाठी मुलाकडे जर्मनीत गार्चिंगला येताना ते सांगलीहून मोजून दहा ताव आणतात.

भाऊसाहेब एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, हे त्यांनी जन्मभर लिहिलं. निवृत्त झाल्यावर गाड्या तिकडेच राहिल्या, लिहिणं मात्र सोबत आलं. "नोंद नाही, तर घडलंच नाही," असं ते म्हणतात. मी मुलीकडेच राहते; त्या आमच्या इमारतीची लिफ्ट किती वेळ बंद होती, याचीही नोंद आहे. एक प्रत हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीच्या देखभालवाल्याला, दिली. त्या बिचाऱ्याला मराठी येत नाही, पण कागदाचा रुबाब बघून त्यानं लिफ्ट दुरुस्त केली.

आता फुटबॉलचं. हा पायानं खेळायचा नव्हे, अमेरिकन. लांबट चेंडू हातात घ्यायचा, हेल्मेट घालायचं आणि एकमेकांवर आदळायचं. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक असतो. चेंडू कुणाकडे आणि कधी फेकायचा, हे तो ठरवतो. माझा जावई निरंजन, म्हणजे भाऊसाहेबांचा मुलगा, इथल्याच विद्यापीठात पीएच.डी. झाला, म्हणून इथल्या विद्यार्थ्यांची टीम ही त्याची टीम. तिचा क्वार्टरबॅक फेलिक्स. भाऊसाहेबांच्या कागदावर त्याचं नाव ‘ड्रायव्हर’, चेंडू झेलणारे ‘प्रवासी’ आणि अंगावर धावून येणारे ‘रस्त्यावरची जनावरं’.

मला खेळातलं काही कळत नाही, हे मी आता मोकळेपणानं सांगते. तरुणपणी सांगत नसे. वोल्फ्सबुर्गला नवी नवरी म्हणून आले, तेव्हा मी फार हुशार होते. शेजारणीशी तीन वर्षं नुसत्या "या, या", म्हणजे हो, हो, आणि "गेनाऊ" एवढ्यावर गप्पा मारल्या. ती बाई मला तिच्या घटस्फोटाची हकीकत सांगत होती, हे चौथ्या वर्षी कळलं. तीन वर्षं मी हसून "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणत होते.

तर मॅच संपली की घरी जेवताना दुसरी मॅच सुरू होते. बाप आणि लेक, विषय फेलिक्स. पहिल्या वर्षी मला वाटलं, व्याही हट्टी आहेत. मग लक्षात आलं की हट्टालाही एक दिशा असते, यांना तीही नाही. एका रविवारी फेलिक्ससारखा ड्रायव्हर नाही, पुढच्या रविवारी त्याला लायसन कुणी दिलं.

या जूनमध्ये मैदानावरच्या बाकावर आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी विचारलंच. "भाऊसाहेब, तुमचं नक्की मत काय हो?"

"विहीणबाई, निरंजन काय म्हणतो ते आधी बघायचं. मग दुसऱ्या बाजूला जायचं."

"ते का?"

त्यांनी कागद नीट केले. "एकमत झालं की तो उठतो. लॅपटॉप उघडतो."

सुमनताई, म्हणजे आमच्या विहीणबाई, जाऊन दोन वर्षं झाली. त्या होत्या तेव्हा फोनवर त्याच बोलायच्या आणि मागून यांचा आवाज यायचा, "जेवला का विचार." आता फोन थेट बापाचा येतो. "जेवलास?" "हो." "बरं, ठेवतो." मी घड्याळ लावून बसत नाही, पण तेवढ्यात माझा चहासुद्धा उकळत नाही.

परवा शहरातल्या जुन्या विद्यापीठाशी मॅच होती. वर्षभर बाकी काही जिंकलं नाही तरी चालेल, ही जिंकायची, अशी ती मॅच. भाऊसाहेबांचं परतीचं विमान गुरुवारचं, म्हणजे त्यांची या वर्षाची शेवटची. आणि फेलिक्सनं तीनदा चेंडू थेट विरुद्ध टीमच्या हातात दिला. हरलो.

मैदानाबाहेर ब्राटवुर्स्ट, म्हणजे सॉसेज, भाजायच्या शेगडीभोवती पोरं जमली होती. सगळ्यांचं एकच म्हणणं, फेलिक्सला बाहेर बसवा. निरंजन म्हणाला, "गेनाऊ." एका मुलीनं तेवढं म्हटलं की वारा होता. तिला कुणी विचारलं नाही. भाऊसाहेब पुठ्ठा काखेत धरून उभे होते. इतकं एकमत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

घरी येऊन जेवायला बसलो. आमटीभात संपत आला. निरंजन उठण्याच्या बेतात.

"ड्रायव्हरची चूक नाही," भाऊसाहेब म्हणाले.

निरंजन परत टेकला. "बाबा, तीन इंटरसेप्शन."

"गाडी वेळेत सुटली होती. नोंद आहे. थांब्यावर प्रवासी नव्हता, त्याला ड्रायव्हर काय करणार?"

"अहो, मग बघून सोडायची ना."

"एसटी प्रवासी बघून सोडत नाहीत. टाइमटेबल बघून सोडतात."

"ही एसटी नाही."

"म्हणून तर हरलात."

माझी मुलगी मुक्ता म्हणाली, "आई, यांना कुणीतरी आवरा." मी म्हटलं, "मला तर भाऊसाहेबांचं पटतंय." मला काय पटत होतं ते विचारू नका. निरंजन आणखी चिडला, आणि मीठदाणी, लोणच्याची वाटी, दोन चमचे मांडून खेळाडू कुठे उभे होते ते दाखवायला लागला. भाऊसाहेबांनी मीठदाणी सरकवली. त्यानं ती परत जागेवर आणली.

मग तो दही घ्यायला स्वयंपाकघरात आला. मी ओट्याशी होते.

"आई," तो हळूच म्हणाला, "बाबांचं बरोबर आहे."

"कशाचं?"

"तो पास आधीच सोडायचा असतो. धावणाऱ्यानं तिथं पोचायचं. तिन्ही वेळा तो पोचलाच नाही. मला मैदानावरच दिसलं होतं."

"मग सांग की त्यांना."

"सांगितलं तर ‘बरं’ म्हणतील आणि झोपायला जातील." त्यानं दह्याचं भांडं उचललं. "गुरुवारी जाणार आहेत."

तरुणपणीची मी असते, तर पाच मिनिटांत दोघांनाही दोघांचं सांगून मोकळी झाले असते, आणि वर शहाणपण मिरवलं असतं.

दारातूनच निरंजनचा आवाज आला, "नाही बाबा, मला अजिबात पटत नाही. पुन्हा सांगा, पहिल्यापासून."

भाऊसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. दोघांचे हात कधीच वाळून गेले होते. मुक्ता ताटं उचलायला निघाली, तिला मी मनगट धरून खाली बसवलं.