सासर ऐकू येत नाही

डॉक्टर कावसजींनी नीराबाईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, दार लावून घेतलं आणि स्वतः खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. पिंपळकोंडच्या नव्या प्रसूतिगृहात दाई नेमायची होती. दाईला पोटातल्या बाळाचे ठोके ऐकू यायला हवेत, तेव्हा आधी तिचे कान तपासा, असा वरून हुकूम होता. हुकूम आला, यंत्र काही आलं नाही. मग डॉक्टरांनी आपल्या डोक्यानं तपासणी काढली. सरकारनं तेवढं एक डोकं मात्र वेळेवर पाठवलं होतं.

आता नीराबाईचे कान तपासायचे म्हणजे कमालच झाली. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर आलेली. पलीकडच्या वाडीत कुणी कण्हलं तरी ही इकडे कंदील शोधायला लागायची. पण सरकारला हे सांगणार कोण? आणि नोकरी तर तिला हवीच होती. ती मिळाली तर नवरा, बाळाजी, मुंबईला गोदीतल्या कामावर परत जाणार नव्हता. दोघांचं तसं ठरलं होतं. लेक लग्नाला आली तरी नवरा घरात दिसायचा तो शिमग्याला नि गणपतीला; हा काय संसार झाला? नोकरी नाही मिळाली तर दुपारची एस.टी. होतीच, म्हणून बाळाजी ट्रंक घेऊनच बाहेर ओट्यावर बसला होता.

"मी हलू बोलेल," डॉक्टर म्हणाले. "तुमी फक्त जवाब द्यायचा. मागे बघायचा नाय, दुसरा काय बोलायचा नाय."

"व्हय."

डॉक्टरांचं गणित साधं होतं. ज्यांची उत्तरं माणसाला झोपेतसुद्धा येतात, तेच प्रश्न विचारायचे. मग उत्तर आलं नाही तर दोष कानाचाच.

"तुमचा नाव?" ते कुजबुजले.

"नीराबाई."

"बापाचा?"

"दादू."

"भावाचा?"

"कान्हा. धाकल्याचं मोरू."

"वा," डॉक्टर खूश झाले आणि तितक्याच हळू म्हणाले, "नवऱ्याचा नाव?"

नीराबाई गप्प.

डॉक्टर पडले मुंबईचे पारशी. त्यांची आई गॅलरीतून "सोराब, पाव आन" असं त्यांच्या वडिलांना ओरडून सांगायची आणि सोराबजी मुकाट पाव आणायचे. इकडच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, हे बिचाऱ्या डॉक्टरांच्या गावीही नव्हतं. आणि नीराबाईला वाटलं, खरी परीक्षा आत्ता सुरू झाली. कानबिन सगळं निमित्त. बाई चांगल्या वळणाची आहे का, ते साहेब बघतायत. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

डॉक्टर थोडे पुढे सरकले. "सासऱ्याचा नाव?"

गप्प.

"मोठ्या दिराचा?"

गप्प.

"भावाच्या बायकोचा?"

"मैना," नीराबाईनं ताबडतोब सांगितलं.

डॉक्टर दुसऱ्या कानाच्या बाजूला गेले. तिथंही तेच. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी कपाळ पुसलं. डावा कान बहिरा असतो, उजवा असतो, दोन्ही असतात. पण हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आश्चर्याच्या भरात ते मोठ्यानं बोलून गेले, "बाईला माहेर ऐकू येते, सासर ऐकू येत नाय!"

बाहेर ओट्यावर बाळाजीनं हे ऐकलं. शेजारी त्यांच्याच आळीतली सखुबाई बसली होती. तिला तो म्हणाला, "ते मला लगीन झाल्यापास्नं ठावं हाय. पर ते घरातलं झालं. सरकारला कशाला कळाया पायजे?"

तेवढ्यात आतून डॉक्टरांनी बेंबीच्या देठापासून विचारलं, "नवऱ्याचा नाव काय?"

समोरच्या दुकानदारानं तराजू हातात धरूनच उत्तर दिलं, "बाळाजी." पाणवठ्यावरून येणाऱ्या दोघीतिघी काय झालं ते बघायला थांबल्या. कुणीतरी सासऱ्याचंही नाव सांगून टाकलं. लोकांचं काय जातंय, फुकटची मदत करायला सगळे तयार.

डॉक्टरांनी खिडकी उघडली. ते संतापले होते. "कॉपी चालणार नाय. बाहेरून कोण एक शब्द बोलला, तर बाई नापास."

सखुबाई खरं कारण सांगायलाच उठली होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि खाली बसली. बिचारीला आपल्यापायी कुणाची नोकरी घालवायची नव्हती.

"बाई, आता शेवटचा विचारतो," डॉक्टर आत म्हणाले. "नाय सांगितला, तर तुमी बहिरी म्हणून मी वर कळवतो. मग मी काय करू शकत नाय."

आता मात्र बाळाजीला राहवेना. त्यानं खिडकीच्या गजांना तोंड लावलं. "अगं, घे की नाव. मी सांगतो ना, चालंल."

नीराबाई भिंतीकडेच बघत राहिली. मागे बघायचं नाही, असं साहेबांनी बजावलं होतं.

"घे ना. उखाण्यात घे, कशीपन घे. मला काय होत न्हाय. आन झालं तरी चालंल."

"तुमी बाजूला जाव, नायतर बाई नापास," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, येकच मिनिट. अगं, गाडीची येळ झाली. जाऊ का मी मुंबईला? तुला ऱ्हायाचंय का येकलीला? बोल ना. तुज्याशी बोलतोय मी. ये, आयकतेस का?"

इकडे साहेब, तिकडे नवरा, आणि मान वळवायची सोय नाही. किती सोसायचं माणसानं? नीराबाईचं डोकं भणभणलं.

"बाळाजी, गप बस जरा. साहेब काय इचारतायत ते आयकू दे मला."

नीराबाईला आपण काय बोललो ते कळलं आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पण बाई," डॉक्टर हळूच म्हणाले, "मी हेच तर विचारत होतो."

सखुबाईनं मग आत येऊन सगळी रीत समजावली. डॉक्टर इतके ओशाळले की त्यांनी नीराबाईला तिथल्या तिथं पास करून टाकलं आणि आजपासूनच कामाला लागा म्हणून सांगितलं. पण तिचं लक्ष कुठं होतं? ती बाहेर धावली आणि बाळाजीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळू लागली.

"छातीत काय व्हतंय का?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"व्हतंय," बाळाजी म्हणाला. "लय बरं वाटतंय. काय म्हनलीस मगाशी?"

"काय न्हाय."

"मला नीट आयकू न्हाय आलं."

"साऱ्या गावाला आलं."

"गावाला आलं आसंल," असं म्हणून बाळाजी सरळ डॉक्टरांपुढे जाऊन उभा राहिला. "साहेब, माजा पन कान तपासा. येक नाव काय केल्या आयकू येत न्हाय."

डॉक्टर आता शहाणे झाले होते. त्यांनी बाळाजीला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, पण स्वतः बाहेर आले. "नीराबाई, हा तुमचा पहिला पेशंट," ते म्हणाले आणि तिला आत पाठवून त्यांनी दार ओढून घेतलं.

एस.टी. आली, थोडी थांबली आणि निघून गेली. नीराबाई आत काय बोलत होती ते कुणालाच ऐकू आलं नाही. बाळाजीचा आवाज तेवढा बाहेर येत होता.

"न्हाय आलं. परत येकदा."