सतरा उणिवांचं घर

स्वस्त घर शोधून सापडत नसतं. चांगल्या घराला चिकाटीने नावं ठेवावी लागतात, तेव्हा कुठे ते स्वस्त होतं.

हा सिद्धांत भाईंदरच्या एका मिठागरावरचे कारकून वामनराव टिपणीस यांचा. मिठात माती किती, ओल किती, हे लिहिण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती. जगात निर्दोष काही असतं, यावरचा त्यांचा विश्वास त्यामुळे उडाला होता. (हा आजार नव्हे. याला अनुभव म्हणतात.)

१९३७ साली त्यांना घराची निकड भासली. ज्यांच्या दोन खोल्यांत ते भाड्याने राहत, त्या नाथा पाटलांच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि अक्षय्य तृतीयेच्या आत खोल्या मोकळ्या हव्या होत्या. "अहो, पाच माणसं घेऊन जायचं कुठे?" पत्नी द्वारकाबाईंनी विचारलं. वामनरावांनी उत्तरादाखल एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर 'उणिवा' असं वळणदार अक्षरात लिहिलं.

तीन महिन्यांत नऊ घरं पाहून झाली. एकूण उणिवा एकशे बारा. (सासुरवाडीच्या उणिवा यात धरलेल्या नाहीत.) शेजारच्या मुर्धा गावातलं घर भिंती पक्क्या म्हणून सोडलं, कारण पक्क्या भिंतीला बोलणार काय? राई गावातलं घर मालकाने पहिल्याच फटक्यात भाव उतरवला म्हणून सोडलं. एवढ्या लवकर उतरतो, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय!

दहावं घर तारोडीचं. गॅब्रियल नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याचं. बायको गेल्यापासून त्याला घर खायला उठे, म्हणून तो होडीतच निजायचा आणि घर त्याने विकायला काढलं होतं. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून तो दारात उभा राहिला आणि वामनरावांनी एका दमात सोळा उणिवा वाचून दाखवल्या. कौलं गळतात. वासा किडलाय. दार लागत नाही. खाऱ्या वाऱ्याने भिंतीचे पोपडे निघालेत. गॅब्रियलने कानामागे हात धरून सगळं ऐकलं आणि मध्येच विचारलं, "कंचा वासा, सायब?" आजवर कुठल्याही मालकाने वामनरावांचं म्हणणं इतक्या आदराने ऐकलं नव्हतं. ते खूश होऊन परतले.

पुढल्या रविवारी भाव तोच होता, उणिवा मात्र अकरा उरल्या होत्या. किडक्या वाशाच्या जागी जुनी डोलकाठी बसली होती. दाराच्या फटींत, होडीच्या फटींत भरतात तशी, कापूस आणि राळ ठासून भरलेली होती.

"हे कशाला केलंत?" वामनरावांनी दुखावल्या स्वरात विचारलं.

"भोक दावल्यावर बुजवल्याबिगर झोप येत न्हाय, सायब. होडी असो नायतर घर."

हा शुद्ध अडाणीपणा होता. उणीव ही भाव पाडण्यासाठी असते, बुजवण्यासाठी नव्हे, एवढं साधं व्यवहारज्ञान समुद्रावर कोणी शिकवत नाही.

चौथ्या रविवारी द्वारकाबाई सोबत गेल्या. सारवलेल्या स्वयंपाकघरात त्यांनी पाण्याच्या हंड्यांची जागा वितींनी मोजली, खिडकीतून येणारा वारा तोंडावर घेतला आणि म्हणाल्या, "हेच घेऊ या. सांगतोय त्या भावात. मला आवडलंय हो."

"वेडी आहेस का?" वामनराव कुजबुजले. "घासाघीस न करता घर घ्यायचं, तर अठरा वर्षं कचेरीत केलं काय?" वहीतल्या सोळाही उणिवा आता बुजल्या होत्या. तेव्हा त्यांनी खाकरून सतरावी काढली. "गॅब्रियल, घर ओस पडलंय. माणसांचा वावर नाही. अशी वास्तू लवकर खचते, भाव कमी करावाच लागेल."

गॅब्रियलने रिकाम्या घरात एक फेरी मारली. मग म्हणाला, "हां. ही मोठी हाय."

पाचव्या रविवारी घराच्या कौलांतून धूर येत होता. अंगणात तीन पोरं ओरडत होती आणि गॅब्रियलची उत्तनला दिलेली मुलगी कॉनी ओटीवर तांदूळ निवडत होती. नवऱ्यासकट ती कायमची राहायला आली होती.

"तुमी सांगिल्यालं खरं व्हतं, सायब. ती पन बुजवली." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. घर आता विकायचं नव्हतं. त्याने उपकाराची फेड म्हणून वामनरावांच्या हातात सुक्या बोंबलांची जुडी ठेवली. द्वारकाबाई परतीच्या बैलगाडीत तोंडाला पदर लावून रडल्या. बोंबील थोडे ओले असल्याचं वामनरावांनी वहीत नोंदलं.

अक्षय्य तृतीयेला पाचही माणसं मिठागरावरच्या रिकाम्या कोठारात राहायला गेली. उणिवा बेचाळीस, भाडं माफ. त्या संध्याकाळी द्वारकाबाईंनी पदर खोचला, वहीची पानं एकेक फाडली आणि फळ्यांच्या फटींत कोंबली. अठरा वर्षांत वामनरावांचं लिखाण प्रथमच कुणाच्या उपयोगी पडलं.

वाचता वाचता या गोष्टीतल्याही दोन-चार उणिवा तुम्ही मनात टिपल्या असतीलच. जरूर टिपा, नजर चांगली आहे तुमची. पुस्तक तेवढं तुम्ही विकत घेतलेलं नाही, शेजाऱ्यांकडून मागून आणलंय, ते उद्या परत करा.