करंदीकरांचे आठ अर्ज

करंदीकरकाका दहा हजार येनची नोट शर्टाच्या खिशात चुरगळून ठेवत. एकदा ती वॉशिंग मशीनमधून धुऊन निघाली, तरी त्यांना सोयरसुतक नव्हतं. पण अल्बममधल्या नोटा दाखवायच्या झाल्या की पांढरे सुती हातमोजे चढवत आणि मला चहाचा कप लांब ठेवायला लावत. त्या नोटांवर तोक्योतल्या आमच्या निशी-कसाई भागात कोपऱ्यावरच्या दुकानात साधी काडेपेटी मिळाली नसती.

पूर्वी कॉमर्सच्या शाळांत वर्गातच बँक मांडत. कोणी कॅशियर, कोणी गिऱ्हाईक, आणि सरावाला शाळेनेच छापलेल्या नोटा. काका त्या जमवत. ते एका बँकेच्या तोक्यो शाखेत होते, मी खालच्या मजल्यावरचा सॉफ्टवेअरवाला. "खरी नोट काय, कोणाकडेही असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अल्बममध्ये अमेरिकन कॉलेजांच्या नोटा होत्या, जपानी शाळांच्या होत्या. फक्त पहिलं पान कोरं होतं. "ते भरायचंय," एवढंच म्हणत.

महिन्याच्या तिसऱ्या रविवारी एका देवळाच्या आवारात जुना बाजार भरे. तिथे कपबशा विकणाऱ्या, सत्तरीच्या मोरी-सानच्या गल्ल्याच्या झाकणाला आतून अशीच एक नोट लावलेली काकांना दिसली आणि माझे रविवार संपले, कारण जपानी मला येत होतं. बाई नोट विकायला तयार नव्हत्या. दुसऱ्या कुणी जास्त पैसे देऊ केले असते. काकांनी रीतसर अर्ज केला. मला जपानीत लिहायला लावला, खाली बँकेसाठी करून घेतलेला स्वतःच्या नावाचा शिक्का उठवला. बाईंनी तो गंभीरपणे वाचला, स्वतःचा शिक्का मारून पोच दिली आणि नकार दिला.

असे सात महिने, सात अर्ज. मार्चमध्ये काकांची मुंबईला बदली होती. "घेऊनच जाणार," ते मला दर महिन्याला बजावत.

आठव्या अर्जाला बाईंनी त्यांना बसायला स्टूल दिलं आणि सांगितलं, की शाळेच्या शेवटच्या दिवशी सगळ्या नोटा परत करायच्या होत्या. कॅशियर झालेल्या मुलाने ही एक हळूच त्यांच्या वहीत सरकवली. पुढे तो मुलगा कुठे गेला, त्यांना कधी कळलं नाही.

काकांनी अर्ज परत घेतला, वाकून नमस्कार केला आणि स्टेशनकडे निघाले.

गाडीत मी वैतागलोच होतो. आठ महिने माझी झोप घालवली आणि दोन मिनिटांत माघार?

"मिरजेच्या कॉमर्सच्या क्लासात मी कॅशियर होतो," काका म्हणाले. "शेवटच्या दिवशी सुधाने आठवण म्हणून एक नोट मागितली. मी म्हटलं, नियमात बसत नाही. सगळ्या जमा केल्या. सरांनी त्या बंबात घातल्या."

सुधाकाकू जपानची बदली यायच्या आधीच वारल्या होत्या. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलेलं.

"तरी त्यांनी तुमच्याशी लग्न केलं?"

"केलं ना. पण भांडण झालं की आधी ती नोट निघायची." ते हसले आणि मग बराच वेळ हातमोज्यांची घडी घालत बसले. मला माझ्या वैतागाची लाज वाटली.

मार्चमध्ये त्यांचं सामान बांधायला गेलो, तेव्हा अल्बम उघडून पाहिला. पहिल्या पानावर एक कागद होता, काकांच्याच अक्षरात. अर्जदार: सुधा. मागणी: एक नोट, आठवणीसाठी.

खाली 'मंजूर' लिहून त्यांनी शिक्का मारला होता.