सर्जाचा दुपारचा चारा

उन्नतीचं लग्न झालं ते दोन हजार पंचवीस साल. फेब्रुवारीत हळद झाली, दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि पाठवणीच्या वेळी ती आपल्या आज्याच्या, महादू पाटलाच्या, गळ्यात पडून म्हणाली, "आबा, माझं शेत बघा हां."

महादूला वाटलं, रडून रडून पोरीला काही सुचेनासं झालंय. वळ गावात पाटलांचं शेत उरलं होतं कुठे? अकरा वर्षांपूर्वीच त्यावर गोडाऊन उभं राहिलं होतं. मोजणीच्या दिवशी मधला बांध कोणाचा यावरून महादू आणि त्याचा धाकटा भाऊ नामा यांचं जे बोलणं बंद झालं, ते आजवर बंद होतं. तो बांध सिमेंटखाली गेला, त्याच्यावर कंटेनर उभे राहू लागले. भांडायला जागा उरली नव्हती, पण भांडण व्यवस्थित चालू होतं.

उन्नतीने आपला जुना मोबाइल आज्याच्या हातात ठेवला. "यातलं शेत. मृणाली शिकवेल तुम्हाला," म्हणाली आणि गाडीत बसून पडघ्याला सासरी गेली.

शेत 'नवखंड' नावाच्या खेळातलं होतं. या खेळात हजारो माणसं आपापल्या मोबाइलवरून एकाच मुलखात शिरतात आणि प्रत्येकजण कोणीतरी होतो. कोणी वीर, कोणी वैद्य, कोणी लोहार. गावातल्या बावीस तरुणांनी मिळून तिथे 'वळ बॉईज' नावाची टोळी केली होती आणि एक गड घेतला होता. टोळीत आठ मुली होत्या, पण नाव ठेवताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं. गडाच्या पायथ्याशी उन्नतीची जमीन. भात, विहीर आणि एक बैल.

"बैलाचं नाव सर्जा," धाकटी नात मृणाली म्हणाली. "तुमच्या गोष्टीतला."

महादूने मोबाइल डोळ्यांजवळ धरला. सर्जा हा त्याच्या पोरपणातला बैल. सकाळी तो चारायचा, दुपारी नामा.

"याला दोनदा चारा लागतो, आबा. सकाळी एकदा, आणि दुपारी साडेबारा ते एकच्या मधे एकदा. चुकला तर मरतो. वीर मेले तर परत उठतात, राक्षसपन उठतात. बैल न्हाय उठत."

"मानसं उठतात नि बैल उठत न्हाय?" महादू भडकला. "कोनी केलाय हा खेळ? त्याच्या घरात कवा बैल व्हता काय?"

भडकला, पण दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्याने दात घासायच्या आधी चारा घातला. त्यात कधी चूक झाली नाही. पंचाईत दुपारची होती. बारा वाजता जेवून तो आडवा व्हायचा तो थेट तीनला उठायचा. पहिल्याच दुपारी जागा झाला तेव्हा चारा राहिल्याचं आठवलं. मोबाइल उघडतो तर गव्हाण भरलेली. खाली लिहिलेलं, 'शेजारी निवटी यांनी चारा घातला.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. असलं नाव घेणारा खाडीकडचाच कोणी भला माणूस असणार, असं महादूने ठरवून टाकलं. त्याचं शेत अगदी लागून होतं. खेळात शेजाऱ्याला नमस्कार करायचं एक बटण होतं. महादू रोज संध्याकाळी ते दाबायचा, पलीकडून निवटीही हात जोडायचा. बांधापलीकडच्या माणसाला एवढे नमस्कार महादूने उभ्या आयुष्यात घातले नव्हते.

मे महिन्यात मृणालीने बातमी आणली. "आबा, आपली टोळी नवखंड सोडतेय. सगळे 'कालकूट'मध्ये चाललेत. नवीन खेळ आहे. चित्रं भारी, राक्षस मोठे. धनेशने ठरवलंय."

धनेश म्हणजे नामाचा नातू, आणि टोळीचा कप्तान.

"जाऊ दे की. आपलं शेत न्हाय ना जात?"

"जातं, आबा. गडावरचे आणि खालचे शेतकरी मिळून पंधरा जण उरले नाहीत तर गड पडतो, आणि खालच्या जमिनीचं जंगल होतं."

महादू उठून उभा राहिला. "म्हंजे मी रोज राबतू ती जमीन धनेश सोडनार? अंगठा न्हाय, सही न्हाय, मना कोनी इचारलं न्हाय? मागच्या टायमाला निदान कागद तरी व्हता!"

"घरातली म्हस विकली तवा एवढं वरडला न्हाय तुमी," आतून त्याची बायको बायजाबाई म्हणाली.

"म्हस माझी व्हती. शेत पोरीचं हाय. पोरीनं सांभाळाला दिलंय मना!"

त्याने पांढरा शर्ट चढवला आणि गावकीचा अध्यक्ष चंद्रा याचं घर गाठलं.

"महादूशेठ, मोबाइलच्या खेळावर गावकीची बैठक?" चंद्राने कपाळाला हात लावला.

"खेळावर न्हाय. जमिनीवर."

जमीन म्हटल्यावर वळ गावात बैठकीला नाही म्हणता येत नाही. रविवारी अकराची वेळ ठरली, गावदेवीच्या देवळात.

रविवारी चंद्रा देवळात शिरला तर टोळीतल्या सगळ्या माना खाली. तो कडाडला, "ही बैठक हाय का मयत? माना वर! मोबाइल बंद करा नि पाटीत टाका. म्हाताऱ्यांनीपन!" मासळीची पाटी फिरली आणि चाळीसेक मोबाइल तिच्यात पडले. महादूने आपला निर्धास्तपणे टाकला. सकाळचा चारा झाला होता, दुपारचा निवटी घालणार होता. नामाने मात्र आपला मोबाइल दोनदा पाटीत ठेवला आणि दोनदा परत उचलला. शेवटी चंद्राने तो हातातून काढून घेतला.

मग पंचांनी दोन्ही खेळांची चौकशी सुरू केली. ती त्यांना येत होती तशीच केली.

"नवखंडात रस्ता केवढा हाय?"

"पायवाट आहे, काका," मृणाली म्हणाली.

"म्हंजे चाळीस फुटी कंटेनर वळनार न्हाय. नि कालकूटला हायवे लागतो का?"

"तिथं ज्वालामुखी आहे," धनेश अभिमानाने म्हणाला.

"मंग तिथं गोडाऊन कोन टाकील?" एका पंचाने संतापून विचारलं. "दोन्ही जागा भंगार हायेत!"

"जागा न्हाय बघायची!" महादू ओरडला. "नवं आलं का जुनं टाकाचं, ही काय रीत? उभं पीक हाय तिथं!"

नामा उठला. वास्तविक त्याने उठायचं काही कारण नव्हतं. पण महादू एक बोलला की आपण दुसरं बोलायचं, ही त्याची अकरा वर्षांची शिस्त होती. शिवाय धनेश त्याचा नातू. "चंद्रा, त्यांना सांग, पोरांना पुढं जाऊ द्या. उगाच बांधाला धरून बसायची सवय हाय त्यांना."

"चंद्रा, त्यालापन सांग, बांध माझाच व्हता!"

इथून पुढे पाऊण तास बैठक सिमेंटखालच्या बांधावर चालली. मोजणीला कोण कुठे उभा होता, खुंटी कोणी हलवली, सगळं निघालं. पोरं जांभया देऊ लागली. शेवटी चंद्राने घंटा वाजवली. "बास! नवखंडात कोन कोन ऱ्हातो त्यांनी हात वर करा." चौदा हात वर झाले. एक कमी.

"मोजनी चुकली!" महादू म्हणाला. "परत मोजा!"

परत मोजले. चौदाच. महादू एकेका पोराला त्याच्या आज्याचं नाव घेऊन जाब विचारू लागला. नामाचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. तो देवळातल्या घड्याळाकडे बघत होता. एकला तीन मिनिटं कमी होती.

"चंद्रा, माझा मोबाइल दे."

"ठरावानंतर, नामाशेठ."

"ठराव गेला खड्ड्यात! जीव जाईल!"

"कोनाचा?" चंद्राने घाबरून विचारलं.

नामाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग अकरा वर्षांनी सरळ महादूकडे बघितलं.

"सर्जाचा."

नामाने पाटीत हात घातला. चाळीस मोबाइल, सगळे काळे, सगळे बंद. आपला सापडेपर्यंत एक मिनिट गेलं. सुरू व्हायला आणखी एक. नवखंड उघडला तर त्यावर सूचना, 'नवीन आवृत्ती येत आहे, कृपया थांबा.'

"थांबा? बैल उपाशी हाय आनि थांबा?" नामा मोबाइलवर ओरडला. महादूही धावला. दोघे भाऊ एकाच काचेवर वाकले. हिरवी रेघ मुंगीसारखी सरकत होती. देवळातल्या घड्याळात एकचा ठोका पडला.

रेघ पूर्ण झाली. गव्हाण रिकामी होती. बैल आडवा होता.

"निवटी तू?" महादूच्या तोंडून कसंबसं निघालं.

"मंग कोन? रोज दुपारी तू घोरत पडतंस, चारा काय तुझा चंद्रा घालील?"

"नि इथं माझ्याशी भांडतंस?"

"भांडन तुझ्याशी हाय, दादूस," नामा म्हणाला. "सर्जाशी न्हाय."

चंद्राने जरा वेळाने हळूच विचारलं, "मंग ठरावाचं काय करायचं? पंधरावा हात?"

नामाने मोबाइलवरची नजर न काढता हात वर केला. धनेशने कपाळावर हात मारला. गड वाचला.

घरी जाताना दोघे भाऊ रस्ताभर एकमेकांवर ओरडत होते. बैठक तू बोलावलीस. मोबाइल पाटीत तू जाऊ दिलास. तू जागा राहिला असतास तर. तू गप्प बसला असतास तर. बायजाबाईने दोघांना आत घेतलं, तळायला काढलेले बोंबील परत फ्रीजमध्ये ठेवले आणि रविवार असून वरणभात वाढला. नामा जेवताना दोनदा म्हणाला की बांध त्याचाच होता. महादूने त्याला दोनदा भात वाढला.

संध्याकाळी उन्नतीला फोन करून कळवलं.

सर्जा बैल रविवार, दिनांक १८ मे २०२५ रोजी दुपारी एक वाजता भुकेने मेला. त्याच्यामागे दोन भाऊ आहेत.